बोलक्या यंत्राची मराठी आणि आपला ऊस



खताचा डोस, बेण्याची जात, हुमणीचा बंदोबस्त असले प्रश्न पूर्वी थेट गट ऑफिसला येत असत. आता त्यातले पुष्कळसे आधी फोनला विचारले जातात आणि मग आमच्याकडे येतात. "साहेब, फोन असं म्हणतोय, खरं का?" अशी हल्ली बोलण्याची सुरुवात असते. यात वावगे काही नाही. रात्री अकराला पाणी धरायला गेलेल्या माणसाच्या शंकेला उत्तर द्यायला ओव्हरसिअर कुठून आणणार? फोन खिशात असतो.

फोनमधल्या या उत्तर देणाऱ्या यंत्राला चॅटबॉट म्हणतात. इंग्रजीत ते सफाईने बोलते, मराठीतही बरे बोलते. पण शेतीच्या मराठीत, त्यातही उसाच्या मराठीत, ते अडखळते. का अडखळते आणि थोडक्या मजकुरावर त्याला एखादी भाषा शिकवायची झाली तर काय करतात, हे सभासदांना ठाऊक असले पाहिजे असे आम्हांस वाटते. कारण त्याच्या अडखळण्याची किंमत शेवटी आपल्या रानात मोजली जाते.

हे यंत्र शब्दकोश पाठ करून भाषा शिकत नाही. त्याच्यापुढे मजकुराचा डोंगर ठेवतात. वाक्य अर्धे दाखवायचे आणि पुढचा तुकडा कोणता येईल ते ओळखायला लावायचे. चुकले की त्याच्या आतले आकडे किंचित सरकवायचे. हे आकडे अब्जावधी असतात आणि हा खेळही तितक्याच प्रचंड संख्येने चालतो. एवढे झाल्यावर कोणत्या शब्दामागे काय येते याचा त्याला जो अंदाज बसतो, तीच त्याची भाषा आणि तेच त्याचे ज्ञान. जे वाचायला मिळाले नाही त्याचा अंदाज बसत नाही.

आता वाचायला काय मिळते ते पहा. २०२० साली ओपनएआय कंपनीने जीपीटी-३ नावाचे यंत्र काढले. त्याच्या शिकवणीच्या मजकुरात शंभरातले सुमारे ९३ शब्द इंग्रजी होते. जगातल्या बाकी सगळ्या भाषा उरलेल्या सातात. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते, म्हणजे बोलणाऱ्यांची वाण नाही. पण लिहून इंटरनेटवर ठेवलेले किती? इंग्रजी विकिपीडियावर ७० लाखांवर लेख आहेत, मराठीत लाखाच्या घरात. बांधावर बसून सांगितलेली गोष्ट तर कुठेच छापून येत नाही, आणि आपल्या शेतीचे निम्मे शहाणपण तोंडीच चालते.

डोळ्यावर चाललेला कोयता

मजकूर कमी, ही झाली एक अडचण. दुसरी अडचण बेणे तोडणाऱ्याला चटकन कळेल. यंत्राला अख्खे शब्द देत नाहीत, त्यांची टिपरी पाडून देतात. जे तुकडे मजकुरात वारंवार येतात ते अखंड राहतात, जे क्वचित येतात त्यांची खांडोळी होते. मजकूर बहुतांशी इंग्रजी असल्यामुळे इंग्रजीतला नेहमीचा शब्द एका टिपरीत बसतो आणि आपला 'उसाच्या' हा साधा शब्द चार-सहा तुकड्यांत जातो. सुरुवातीच्या यंत्रांत तर एकेक अक्षरसुद्धा फुटत असे. कारण संगणकाच्या नेहमीच्या साठवणीत इंग्रजी अक्षराला एक घर लागते, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना-वेलांटीही वेगळे चिन्ह धरतात.

दोन डोळ्यांची टिपरी पाडायची ती दोन पेरांच्या मधे. कोयता डोळ्यावरच चालला तर कितीही चांगले बेणे असो, उगवण होत नाही. शब्दाचेही तसेच. अर्थ ज्या जोडावर आहे तिथेच कापले की यंत्राला शिकायला जास्त मजकूर लागतो, आणि तो तर आधीच कमी. शिवाय या कंपन्या पैसे तुकड्यांवर मोजतात, म्हणजे तोच प्रश्न मराठीत विचारणाऱ्याला महाग पडतो. यात अलीकडे सुधारणा झाली आहे. मे २०२४ मध्ये त्याच कंपनीने नवे यंत्र काढले तेव्हा नमुन्याचा एक मजकूर दिला होता. मराठीत त्याचे जुन्या पद्धतीने ९६ तुकडे पडत, नव्या पद्धतीने ३३ पडले. तुकडे पाडण्याची रीत बदलली एवढेच, पण फरक तिपटीचा.

टेलच्या रानाला पाणी

एक यंत्र अनेक भाषा एकदम शिकते, तेव्हा पाळीचा प्रश्न येतो. समजा इंग्रजीची एक कोटी पाने आहेत आणि एका लहान भाषेची एक लाख. जशी पाने तशी पाळी दिली तर यंत्र इंग्रजीची १०० पाने वाचील तेव्हा लहान भाषेचे एक. पाटाच्या तोंडचे रान भिजून वाहते आणि टेलचे कोरडे. म्हणून हिशोब मुद्दाम वाकवतात. गूगलच्या बर्ट या यंत्राची १०४ भाषांची आवृत्ती २०१८ साली आली, मराठी त्यात होती. तिच्यासाठी वापरलेल्या सूत्राने आमच्या उदाहरणातले शंभरास एक हे प्रमाण सुमारे पंचवीसास एक होते. फेसबुकच्या संशोधकांनी २०१९ साली शंभर भाषांचे यंत्र केले, त्यांच्या सूत्राने ते चारास एक होते.

चारास एक म्हटल्यावर टेलवाल्याला बरे वाटेल. पण त्याची पाने काही वाढली नाहीत. इंग्रजीचे एक पान एकदा वाचून होते तोवर लहान भाषेचे तेच पान पंचवीस वेळा वाचून होते. घोकंपट्टी करणारा पोरगा धड्याखालचे प्रश्न सोडवतो आणि परीक्षेत प्रश्न फिरवून आला की गप्प बसतो, तसे होते. दुसरे असे की यंत्राचा आकार तोच ठेवून भाषा वाढवत गेले तर काही मर्यादेपर्यंत लहान भाषांचा फायदा होतो आणि पुढे सगळ्यांचीच वाढ खुंटते, हे त्याच २०१९ च्या कामात दिसून आले. उसात एक आंतरपीक चालते. सरीत चार आंतरपिके घातली तर ऊसही नाही आणि आंतरपीकही नाही, हे सांगायला संशोधक नकोत.

शेजाऱ्याच्या विहिरीवरचे पाणी

मग थोड्या मजकुराच्या भाषा तगतात कशा? शेजाऱ्यामुळे. एका भाषेत शिकलेले यंत्र दुसऱ्या भाषेत वापरते, आणि हे त्याला कोणी वेगळे शिकवलेले नसते. २०१९ साली १०४ भाषांचे ते यंत्र तपासताना संशोधकांनी त्याला उर्दूत शब्दांची जात ओळखायला शिकवले, नाम कोणते, क्रियापद कोणते वगैरे. तेच काम त्याने हिंदीतही उत्तम केले. लिपी वेगळी असूनसुद्धा. मराठी आणि हिंदीची तर लिपीही एक आणि संस्कृत शब्दांचा साठाही मोठा. म्हणून मराठीला हिंदीचा मोठा आधार मिळतो, आणि आज फोन मराठी बोलतो त्यात या आधाराचा वाटा आहे हे मान्य केले पाहिजे.

पण शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी घेतले की त्याचे क्षारही येतात. हिंदीत लिंगे दोन, मराठीत तीन. त्यामुळे 'ते बेणे', 'ते पाचट' इथे यंत्र गडबडते. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आपल्याकडे छडी. हिंदीत 'उस' म्हणजे 'त्या', आणि आपला ऊस विभक्ती लागली की नेमका 'उस'च होतो. उसाचा, उसाला, उसात. हिंदीत खोडव्याला 'पेड़ी' म्हणतात. आपल्याकडे पेढी सोनाराची.

एवढ्यावर भागले असते तर हसून सोडून दिले असते. पण भाषेबरोबर मुलूखही येतो. उत्तर प्रदेशातला शेतकरी ऊस लावतो तो शरदात किंवा वसंतात. जुलै-ऑगस्टची आपली आडसाली, पूर्वहंगामी, सुरू हे आपले हंगामांचे गणित तिकडच्या पुस्तकात नाही. ज्या यंत्राने उसाबद्दल मराठीत चार ओळी आणि हिंदी-इंग्रजीत चार हजार ओळी वाचल्या, ते शुद्ध मराठीत बोलेल, पण शेती सांगेल मेरठची. आणि सांगेल इतक्या ठामपणे की ऐकणाऱ्याला शंका येऊ नये. आमच्या मते या यंत्रांचा खरा धोका इथे आहे. मोडके मराठी बोलणाऱ्यावर माणूस जपून विश्वास ठेवतो, अस्खलित बोलणाऱ्यावर लगेच ठेवतो.

शब्दांचीही तीच गत. 'लागण' हा आपला रोजचा शब्द. पण वर्तमानपत्री मराठीत लागण होते ती रोगाची, आणि २०२० पासून कोरोनाच्या बातम्यांनी तो अर्थ किती हजार वेळा छापला असेल. 'उतारा' म्हटले की साखरेचा, सातबाराचा, विषावरचा आणि धड्यातला. 'मावा' म्हणजे लोकरी मावा की पेढ्याचा की पानपट्टीवरचा? 'फूट' म्हणजे उसाचे फुटवे, लांबीचे माप की पक्षातली फाटाफूट? माणसाला संदर्भावरून कळते. यंत्रालाही संदर्भावरूनच कळते, पण त्यासाठी तो संदर्भ त्याने पुरेसा वाचलेला हवा.

एक हिशोब इथेच मांडून ठेवतो, कारण पडताळणीला आलेल्या उत्तरांत हा घोटाळा आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिला. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश ही आपल्याकडची शिफारस. फोनने '२५० किलो नत्र' एवढे बरोबर सांगितले आणि 'हेक्टरी' हा शब्द गाळला किंवा ऐकणाऱ्याच्या कानातून निसटला, तर आपला माणूस ते एकरीच धरणार. कारण आपण बोलतो एकरात आणि गुंठ्यात. एकरी लागते १०० किलो नत्र. सगळे युरियातून द्यायचे म्हटले तर ४५ किलोची पाच पोती भरत नाहीत. २५० किलोला बारा पोती लागतील. पैसा गेला तो गेलाच, ऊस लोळणार, किडीला बळी पडणार, उतारा घसरणार आणि जमिनीचे काय व्हायचे ते होणार. तेव्हा फोनला विचारताना 'एकरी सांग' असे स्पष्ट म्हणावे आणि उत्तरात माप कोणते आहे ते वाचल्याशिवाय पोते फोडू नये.

बेणेमळा

मजकूर कमी तर वाढवायचा कसा? सोपा मार्ग भाषांतराचा. इंग्रजीतले प्रश्न-उत्तरांचे नमुने यंत्राकडूनच मराठीत करून घ्यायचे आणि त्यावर यंत्र शिकवायचे. भाषांतराची यंत्रे आता बरीच सुधारली आहेत. मद्रासच्या आयआयटीतील एआय फॉर भारत या गटाने २०२३ साली राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या सर्व २२ भाषांसाठी भाषांतराचे यंत्र प्रसिद्ध केले, त्याच्यामागे सुमारे २३ कोटी वाक्यांच्या जोड्या आहेत. काम मोठे आहे. तरी भाषांतराचा मजकूर वाचताना तो भाषांतराचा आहे हे कळते. आणि भाषांतरात प्रश्नही तिकडचेच येतात. मोळीची वाढी कुणाची, तोडणी चिठ्ठी कधी मिळणार, हे इंग्रजीत कुणी विचारलेलेच नसते.

इंटरनेटवरून गोळा केलेल्या मजकुराचीही भेसळ असते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत निरनिराळ्या भाषांचे २०५ मजकूरसंच माणसांनी डोळ्यांखालून घातले. त्यांपैकी किमान १५ संचांत उपयोगाचे एक वाक्यही नव्हते. नाव एका भाषेचे, आत भलतेच. स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर तर २०२० साली असे उघड झाले की हजारो लेख ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने लिहिलेले आहेत. वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात आले नाही, आणि तोपर्यंत तो मजकूर कुठल्या कुठल्या यंत्रांच्या पोटात गेला असेल. भेसळीच्या बेण्याचा प्लॉट लांबून हिरवागारच दिसतो.

म्हणून थोडे पण चोख, या मार्गाकडे जाणकार वळले. २०२३ च्या एका प्रयोगात, आधी भरपूर वाचलेल्या एका मोठ्या यंत्राला काळजीपूर्वक निवडलेले फक्त एक हजार प्रश्नोत्तरांचे नमुने दाखवले, तर ते प्रश्नांना नीट उत्तरे देऊ लागले. ते इंग्रजीचे झाले. २०२४ साली 'आया' या प्रकल्पात निरनिराळ्या देशांतल्या सुमारे ३ हजार लोकांनी मिळून ६५ भाषांत २ लाखांवर नमुने हाताने लिहिले किंवा सुधारले. आपल्याकडे मूलभूत बेण्यापासून पायाभूत, पायाभूतपासून प्रमाणित असा त्रिस्तरीय बेणेमळा असतो. मूलभूत बेणे मूठभरच असते, पण पुढचे सगळे क्षेत्र त्याच्यावर उभे राहते. हे तसेच.

बोललेल्या भाषेचे काम याहून कष्टाचे. कोल्हापूरकडचा, लातूरचा आणि बीडहून आलेल्या टोळीतला माणूस एकच वाक्य तीन तऱ्हांनी म्हणेल. तेव्हा आवाज गोळा करावे लागतात, आणि ते शहरातल्या शिकलेल्यांचेच करून चालत नाही. याबाबतचा एक प्रयोग मराठीवरच झाला आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खेड्यातले कमी कमाईचे लोक, शहरातले कमी कमाईचे लोक आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा ३६ जणांकडून मिळून १०९ तासांचे मराठी बोलणे भरून घेतले. पहिल्या दोन गटांचे काम विद्यार्थ्यांच्या तोडीचे निघाले. आम्हांस याचे नवल वाटले नाही, पण ते आकड्याने सिद्ध झाले हे बरे झाले. केंद्र सरकारच्या भाषिणी या उपक्रमातही 'भाषादान' नावाची सोय आहे, तिथे कोणीही आपल्या भाषेत वाक्ये वाचून देऊ शकतो.

हाताशी पुस्तक

यंत्राला सगळे शिकवूनच पाठवले पाहिजे असे नाही. दुसरी तऱ्हा अशी की उत्तर देण्यापूर्वी त्याच्या हाताशी खात्रीचे कागद ठेवायचे, आणि त्यातले नेमके पान काढून त्याच्या आधारानेच बोलायला लावायचे. थोड्या मजकुराच्या भाषेला ही तऱ्हा फार सोयीची, कारण यंत्राला भाषा जुजबी आली तरी चालते, खताचा आकडा कागदावरून येतो. पीएम-किसान योजनेच्या शंकांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये 'किसान ई-मित्र' सुरू झाला, आणि आपल्या राज्याच्या कृषी विभागाने २०२५ साली 'महाविस्तार' ॲप काढले, त्यात मराठीत प्रश्न विचारता येतो. अशा ठरावीक कामाच्या यंत्रावर आमचा भरवसा सर्वज्ञ चॅटबॉटपेक्षा जास्त आहे. मात्र इथेही कागद मराठीत आणि आपल्या शब्दांत असावा लागतो. सभासदाने 'खोडव्याला बगला फोडून खत कधी घालू' असे विचारले आणि कागदावर 'रॅटून व्यवस्थापन' एवढेच असले, तर पान सापडायला अडचण येणारच.

सहकारात वाढलेल्या माणसाला इथे एक प्रश्न पडतो. बेणे आपले, मळा परक्याचा, आणि पीक आपणच विकत घ्यायचे, असे तर होणार नाही ना? याचे उत्तर न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांनी आपल्यापुरते दिले आहे. तिथल्या ते हिकू मीडिया या माओरी नभोवाणी संस्थेने २०१८ साली आपल्या लोकांना हाक दिली. दहा दिवसांत सुमारे अडीच हजार लोक पुढे आले आणि ३०० तासांवर माओरी बोलणे भरून झाले. तेवढ्यावर त्यांनी आपली भाषा ऐकून लिहिणारे यंत्र तयार केले. तो आवाजांचा साठा बाहेरच्या कंपन्यांच्या हवाली करायला त्यांनी नकार दिला, आणि तो कोणी, कशासाठी वापरावा याच्या अटी स्वतः घातल्या. भाग भांडवल गोळा करून कारखाना उभा करणाऱ्यांना ही रीत परकी वाटू नये.

आपल्याकडे शेतकी विभागाने एवढेच ठरवले आहे की प्रत्येक गट ऑफिसात एक प्रश्नवही ठेवायची. सभासदांनी, घरच्या बायामाणसांनी, तोडणीच्या मुकादमांनीसुद्धा त्यात उसासंबंधीचा प्रश्न लिहावा, किंवा सांगावा म्हणजे स्लिपबॉय लिहून घेईल. प्रश्न जसा तोंडी विचाराल तसाच लिहावा. लागणीला 'लागवड' आणि पाचटाला 'पिकांचे अवशेष' करण्याची गरज नाही. माप एकरी की हेक्टरी ते मात्र घालावे. फोनला आधी विचारले असेल तर त्याने काय सांगितले तेही शेजारच्या रकान्यात उतरवावे. नाव, गट नंबर, फोन नंबर यांपैकी काही लिहू नये. उत्तरे विद्यापीठाच्या शिफारशींशी ताडून आम्ही लिहू आणि ती याच अंकातून क्रमाने छापू. वही पुढे कोणाला द्यायची की नाही, आणि कोणत्या अटींवर, हा विषय संचालक मंडळापुढे ठेवला जाईल. गळीत हंगामाची मोळी पडण्यापूर्वी वह्या शेतकी ऑफिसला जमा होतील, तेव्हा प्रश्न त्याआधी लिहून द्यावेत.